‘दुसरं पान’ची शेवटची आठ पानं

“पेठे, तुम्ही पुस्तक शेवटपर्यंत वाचलंत का?” नानांनी विचारलं.

मला राग आला. पुस्तक अर्धवट चाळून परीक्षण ठोकणारे लोक तेव्हाही होते आणि कोण कोण ते मला चांगलं ठाऊक होतं. मी त्यातला नव्हतो.

“शेवटच्या ओळीपर्यंत,” मी म्हणालो. “तेही दोनदा.”

“मग सांगा, शेवटी नवरा परत येतो की नाही?”

“नाही येत. तीच तर त्या पुस्तकाची...”

“येतो,” नाना म्हणाले. “दाढी वाढवून येतो. बापूसाहेब आत्ताच येऊन गेले. इतके तापले होते की चहासुद्धा घेतला नाही.”

नाना म्हणजे कल्याणच्या आमच्या साप्ताहिकाचे संपादक. मालकही तेच, आणि कंपोझिटर आला नाही तर खिळे जुळवायला बसणारेही तेच. बापूसाहेब हे गिरगावातले प्रकाशक. त्यांनी छापलेल्या ‘दुसरं पान’ नावाच्या कादंबरीवर मी आदल्याच अंकात परीक्षण लिहिलं होतं. चांगलं लिहिलं होतं. मी सहसा चांगलं लिहीत नाही, हे प्रकाशकांच्या वर्तुळात जाहीर होतं. मग तापायचं कारण काय, ते मला कळेना.

आधी माझं काम काय होतं ते सांगतो. स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील. अंबरनाथला कामगारांच्या वस्तीत एक वाचनालय होतं, तिथे मी लायब्ररियन होतो. दोन खोल्या, सहा कपाटं, वर्तमानपत्रांसाठी एक लांब टेबल. शिवाय नानांकडे ‘नवी पुस्तके’ हे सदर लिहायचो. प्रकाशक पुस्तक पाठवत, त्यावर ‘अभिप्रायार्थ’ असा शिक्का असे. अभिप्रायार्थ म्हणजे, फुकट दिलंय, आता काहीतरी बरं लिहा. लिहून झालं की ती प्रत परीक्षकाची. मी माझी वाचनालयाला देऊन टाकायचो.

पण त्या काळच्या कादंबऱ्या म्हणजे कागदी कव्हर आणि दोन गंजक्या तारा. दहा हातांत फिरलं की पुस्तकाचा पत्त्यांचा कॅट व्हायचा. म्हणून आलेलं प्रत्येक पुस्तक मी आधी बाइंडिंगला धाडायचो आणि पुठ्ठा चढून परत आलं की मगच वाचायचो. बाइंडर होता टेकचंद. उल्हासनगरला तेव्हा सगळे कॅम्पच म्हणायचे. लष्कराच्या रिकाम्या बराकींत फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं राहत होती आणि अशाच एका बराकीच्या अर्ध्या खोलीत टेकचंदचं दुकान होतं. त्याला माझी एक कायमची सूचना होती, मागच्या जाहिराती काढून टाकायच्या. लोक कादंबरी बाजूला ठेवून केशतेलाच्या जाहिरातीतल्या बाईकडे बघत बसायचे आणि कधीकधी तिला कापूनही न्यायचे.

तर ‘दुसरं पान’ असंच पुठ्ठा चढून आलं. लेखिका वत्सला लेले. नाव कधी ऐकलं नव्हतं. दुपारची वेळ होती. जेवणाच्या सुट्टीचा भोंगा होऊन गेला की वाचनालयात चारपर्यंत कुणी फिरकत नसे. मागच्या खिडकीशी शेवग्याचं झाड होतं, त्याची फुलं टेबलावर गळत राहायची. पुस्तक उघडलं ते पहिल्या पानावरूनच नापास करायच्या तयारीनं.

गोष्ट काहीच नव्हती. नदीकाठच्या गावात एक बाई आहे, अनसूया. नवरा बोटीवर कामाला म्हणून गेला, त्याचा पत्ता नाही. ती रोज दोन पानं मांडते. पान म्हणजे जेवणाचं, पुस्तकाचं नव्हे. समोरासमोर दोन पाट, दोन पानं. आधी दुसऱ्या पानावर वाढते, मग स्वतःच्या. आपलं जेवून उठते आणि दुसरं पान गाईला घालते. गाव आधी कौतुक करतं, मग कीव करतं, मग हसतं, मग विसरून जातं. ती मात्र मांडत राहते. दोनशे पानं एवढंच. पण भाताची वाफ कशी वर जाते, मिठाची चिमूट कुठे पडते, समोरच्या रिकाम्या पाटावर ऊन कुठून येतं आणि सरकत कुठे जातं, हे त्या बाईनं असं लिहिलं होतं की मी वाचत नव्हतोच, तिथे दाराशी उभा होतो.

आणि शेवटी, दोनशे आठव्या पानावर, एका साध्या दिवशी, अनसूया दोन्ही पानं वाढते. जरा थांबते. मग दुसरा पाट ओढते आणि त्यावर बसून जेवायला लागते. संपलं. खाली चार बोटं कोरा कागद. ‘समाप्त’सुद्धा नाही.

मी पुस्तक मिटलं तेव्हा वाचनालयात दिवा लावायची वेळ झाली होती. एक फिटर समोर उभा राहून वर्तमानपत्र मागत होता आणि ते मला ऐकूच येत नव्हतं म्हणे.

माझी बायको, सुमती, जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. पान मी एकट्यापुरतंच घ्यायचो, पण पाट दोन मांडायचो. का, ते मला कुणी विचारलं असतं तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं. त्या रात्री मी सुमतीच्या पाटावर बसून जेवलो. तिथून खिडकीतलं आभाळ दिसतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. पुढे कित्येक दिवस मी पुस्तकं देत-घेत होतो, पावत्या फाडत होतो, पण माझं अर्धं लक्ष त्या नदीकाठच्या घरातच होतं. रस्त्यात पाठमोरी बाई दिसली की वाटायचं, अनसूयाच चाललीय.

परीक्षणात मी लिहिलं, “लेखिकेने नवऱ्याला परत आणले नाही, याबद्दल तिचे मानावे तेवढे आभार थोडे. एखाद्या हलक्या लेखकाने त्याला दारात आणून उभे केले असते आणि पुस्तक तिथेच मेले असते.”

आता नानांनी टेबलावर बापूसाहेबांची प्रत ठेवली. कागदी कव्हरची, दुकानात मिळते तशी. तिला दोनशे सोळा पानं होती. दोनशे नववर मथळा, ‘उपसंहार’. मी उभ्याउभ्या वाचलं. सकाळ होते. दार वाजतं. दाढी वाढलेला एक माणूस उभा असतो. तो म्हणतो, “पान वाढलंयस ना?” ती रडते, तो रडतो, गाव रडतं, गायसुद्धा हंबरते. खाली ‘समाप्त’. मग केशतेल.

ती सहा-सात पानं वाचताना मला काय वाटलं ते स्पष्टच सांगतो. कुणीतरी माझ्या घरात शिरून पाट उचलून नेल्यासारखं वाटलं.

“हे तिनं लिहिलेलं नाही,” मी म्हणालो.

“नाव तिचंच आहे,” नाना म्हणाले. “आणि हे बघा पेठे, बापूसाहेबांचं म्हणणं सरळ आहे. लोक तुमचं परीक्षण वाचून पुस्तक घेतात आणि दुकानदाराला विचारतात, हा नवरा कुठून आला? वर तुम्ही बापूसाहेबांना हलके ठरवलंत.”

“मी लेखकाबद्दल बोललो.”

“त्यांना ते लागलंय. पुढच्या अंकात खुलासा पाहिजे. परीक्षकाने पुस्तक पूर्ण वाचलेले नव्हते, शेवट अत्यंत हृद्य आहे, असा. नाहीतर बाईंची दुसरी कादंबरी त्यांच्याकडे पडलीय, ती ते परत पाठवणार. त्यांनी परत पाठवलेलं बाड दुसरा कुणी घेईल, असं तुम्हाला वाटतं?”

मला तसं वाटत नव्हतं. बापूसाहेबांनी नाकारलेल्या लेखकाला गिरगावात पाणीही मिळत नसे. म्हणजे पेच असा होता. खोटं लिहिलं तर बाईंचं पुढचं पुस्तक छापलं जाईल. खरं लिहिलं तर कदाचित ती बाई पुन्हा कधी लिहिणारच नाही.

आधी मी कॅम्पात गेलो. टेकचंद सरस ढवळत बसला होता. मी माझी प्रत त्याच्यापुढे ठेवली आणि विचारलं, पीछे के आठ पन्ने किधर गये?

त्यानं पुस्तक उलटंपालटं केलं, पाठीवरून अंगठा फिरवला आणि त्याला आठवलं. “इश्तहार था, साईं. काग़ज़ अलग था, पतला. पीछे तेलवाली बाई. आपने बोला है निकालने को.”

झालं होतं ते असं. पुस्तक फर्म्यांत छापतात. एका मोठ्या कागदावर सोळा पानं, त्याची घडी घातली की तो एक फर्मा. ‘दुसरं पान’चे तेरा फर्मे एका कागदावर होते आणि शेवटचा अर्धा फर्मा, आठ पानांचा, वेगळ्याच पातळ कागदावर. मागे जाहिरात. टेकचंदला आपली लिपी वाचता येत नव्हती. तो सिंधी वाचायचा, ती उजवीकडून डावीकडे. माझ्या सूचनेप्रमाणे त्यानं जाहिरात समजून आठ पानं काढली आणि कुठल्यातरी वहीच्या पुठ्ठ्यात अस्तर म्हणून चिकटवून टाकली. चूक त्याची नव्हती. माझीही आहे असं मी मानत नाही.

त्याला मात्र फार वाईट वाटलं. हात पुसून तो म्हणाला, “उसमें क्या लिखा था?”

मी त्याला सगळी गोष्ट सांगितली. दोन पाट, दोन पानं, वाट बघणं, गाव हसणं. तो काम सोडून ऐकत होता. आत त्याची बायको पापड लाटत होती, तिचंही लाटणं थांबलं. मी आठ पानांतलं सांगितलं आणि मग माझं मतही सांगितलं, की बरं झालं तू काढलीस, नवरा यायलाच नको होता.

टेकचंदनं सरसाचं भांडं बाजूला सारलं. मग म्हणाला, “आपको ऐसा लगता है, साईं. मैं पढ़ सकता तो वो पन्ने कभी नहीं निकालता. कोई तो वापस आए. किताब में ही सही.”

मी माझी प्रत उचलली आणि स्टेशनची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी बदलापूरला गेलो. स्टेशनपासून गावापर्यंत टांग्यानं. वत्सलाबाई तिथल्या शाळेत शिकवत, हे बापूसाहेबांच्या प्रतीच्या मागच्या कव्हरावर छापलं होतं. घर नदीच्या बाजूला, अंगणात तुळस, ओसरीवर वाळत घातलेल्या चिंचा. चाळिशीच्या बाई, चष्मा, बोटांना खडू. मी नाव सांगितलं तशा त्या दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या.

“तुम्ही पेठे?”

“हो. एक विचारायला आलोय.”

“आधी मी विचारते,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला कसं कळलं?”

“काय?”

“की पुस्तक तिथेच संपतं.”

मी त्यांना टेकचंदचं सगळं सांगितलं, अस्तरासकट. सांगताना मला वाटलं, बाई खट्टू होतील, की जाणकार परीक्षक म्हणून ज्याला मानलं त्याची प्रत फक्त तोकडी होती. पण त्या हसायला लागल्या. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसायला लागल्या. मग ओसरीवर बसून त्यांनी सांगितलं ते असं.

कादंबरी त्यांनी दोनशे आठव्या पानावरच संपवली होती. छापायला घेतल्यावर बापूसाहेब म्हणाले, नवरा आला पाहिजे. वाचकाचं तोंड शेवटी गोड झालं पाहिजे, नाहीतर इथेच थांबवतो. बाईंनी एका रविवारी बसून ती पानं लिहून दिली. तोवर आधीचे फर्मे छापून झाले होते, शेवटचा मशीनवर चढला होता. कंपोझिटरनं त्यातून ‘समाप्त’चे खिळे चिमट्यानं उचलले आणि आठ पानं पुढे नेऊन ठेवले. मूळचा कागद संपला होता, म्हणून पातळ कागद. आठ पानं भरेनात, म्हणून तेल.

म्हणजे दोनशे आठव्या पानाखालची ती चार बोटं कोरी जागा, जी पाहून मी वेडा झालो होतो, ती ‘समाप्त’ उचलून नेल्याची जागा होती.

“तुमचं परीक्षण आलं त्या दिवशी मी शाळेत गेले नाही,” बाई म्हणाल्या. “इतक्या लोकांनी पुस्तक घेतलं, पण माझं पुस्तक तुम्ही एकट्यानंच वाचलंय.”

“पण आता खुलासा द्यावा लागणार. मी हवं ते लिहितो. शेवट हृद्य आहे, असंही लिहितो. तुमचं दुसरं बाड त्यांच्याकडे अडकलंय.”

त्यांनी वाळत घातलेल्या चिंचांवरून हात फिरवला. नदीकडून वारा येत होता आणि पलीकडे कुणीतरी गुरांना हाका घालत होतं. मला उगाचच वाटत राहिलं, की आत स्वयंपाकघरात दोन पाट मांडलेले असतील आणि आत्ता त्यातल्या एकावर ऊन आलेलं असेल. अशा ठिकाणी बसून व्यवहाराचं बोलायला मला जड जात होतं.

“खरं तेच लिहा,” त्या म्हणाल्या. “वाचलं नव्हतं, एवढं मात्र लिहू नका. बाड परत आलं तर येऊ दे. आपल्या घरी येईल, दुसरीकडे कुठे जाणार?”

निघताना मी त्यांना टेकचंद काय म्हणाला तेही सांगितलं. का सांगितलं, मला नक्की माहीत नाही. ते वाक्य माझ्या मनातून जात नव्हतं, एवढंच. बाईंचं हसू मावळलं. “किताब में ही सही,” त्यांनी स्वतःशीच म्हटलं आणि मला पोचवायला टांग्यापर्यंत आल्या.

खुलासा मी तीन ओळींचा लिहिला. “‘दुसरं पान’च्या आमच्या प्रतीत शेवटची आठ पाने नव्हती. ती आता वाचली. परीक्षणात काही बदल नाही.”

नानांनी कपाळावर हात मारला. “पेठे, हा खुलासा आहे की खुन्नस?”

“छापणार आहात का?”

“छापतो,” नाना म्हणाले. “पण बापूसाहेब पुन्हा आले तर मी मागच्या दारानं जाणार, पुढे तुम्ही बसायचं.”

बापूसाहेब आले नाहीत. बाड आलं. बदलापूरला, पोस्टानं, दोरी बांधून. बाईंनी मला तसं कळवलं आणि पुढे वर्षभर त्यांची काही खबर नव्हती. मी गेलो नाही. काय तोंडानं जाणार होतो? रोज दुपारी शेवग्याखालच्या खिडकीशी बसलो की वाटायचं, एक चांगली लेखिका आपण खरं बोलून घालवली.

इकडे मात्र वेगळंच सुरू झालं होतं. वाचनालयात लोक येऊन म्हणायला लागले, मास्तर, ती आठ पानं नसलेली प्रत द्या. आधी वस्तीतले, मग कल्याणहूनही. टर्नर, फिटर, स्टोअरमधले कारकून, त्यांच्या बायका. काही जण आमच्या प्रतीवर वाचत आणि मग विकत घेतलेली स्वतःची प्रत घेऊन कॅम्पात जात. टेकचंद मला म्हणाला, “साईं, सब वही किताब लाते हैं. बोलते हैं, पीछे का निकाल दो.” त्याला ते मनातून पटत नव्हतं, पण गिऱ्हाईकाला तो नाही म्हणत नसे.

ही बातमी गिरगावात पोचायला वेळ लागला, पण पोचली. प्रकाशक सगळ्या प्रती एकदम बांधत नाहीत, फर्मे गोदामात पडून असतात आणि मागणी येईल तसे बांधतात. बापूसाहेबांनी उरलेल्या प्रती शेवटचा अर्धा फर्मा न लावताच बांधायला सांगितलं. मतपरिवर्तन झालं असं मी म्हणणार नाही. अर्धा फर्मा शिवायचा वाचला, असं ते नानांना म्हणाले. त्याच खेपेला त्यांनी विचारलं, त्या लेलेबाईंच्या बाडाचं काय झालं हो?

दुसरी कादंबरी आली तेव्हा अभिप्रायार्थ प्रत नानांकडे न जाता थेट माझ्या हातात आली. बाई स्वतः अंबरनाथला घेऊन आल्या. लांब टेबलाशी बसल्या, शेवग्याची फुलं झटकून पुस्तक माझ्यापुढे सरकवलं.

“परत आलेलं बाड पुन्हा पहिल्यापासून लिहिलं,” त्या म्हणाल्या. “या खेपेस मला कुणी सांगितलेलं नाही. जे आहे ते माझं.”

बाई गेल्यावर मी ते पुठ्ठ्याविनाच वाचून काढलं. आयुष्यात पहिल्यांदाच नियम मोडला. त्यावर पुढे परीक्षणही लिहिलं, ते जुन्या अंकात कुणाला सापडलं तर सापडो. या धंद्यात मी एवढंच शिकलो, की परीक्षकानं पुस्तक शेवटपर्यंत वाचावं हे खरं, पण शेवट कुठे आहे ते आधी नीट तपासावं.

मग पुस्तक घेऊन कॅम्पात गेलो. टेकचंदनं ते उलटून पाहिलं. कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच होता. मागे जाहिरातीची दोन पानं होती. त्यानं सुरी हातात घेतली आणि ठेवली.

“साईं, पहले बताओ. इसमें कोई वापस आता है?”

“आता है,” मी म्हणालो.

“कहाँ?”

मी शेवटचं पान उघडून बोट ठेवलं. त्याला ते वाचता येत नव्हतं, तरी तो त्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं पुस्तक जाहिरातींसकट शिवायला घेतलं आणि मी त्याला अडवलं नाही.